बाबांचा ढोल आणि बाळाची मान

ढम!

बाळाने मान वळवली. दाटीवाटीने बसलेली चाळीस माणसं एका सुरात ओरडली, "ऐकलं! ऐकलं!"

"कान आमच्या नादाने उघडलाय," ढोलवाले बाबा डोळे मिटून म्हणाले. "आता यंत्राबिंत्राला दाखवाल, तर नाद रुसेल."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "बघ! आणि तू निघाली होतीस तपासणीला."

(तपासणीचं सांगायला हवं. बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. पहिल्या श्रवणचाचणीत पास झालं, तरी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "अशा बाळांचं ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. तारखा चुकवू नका." आज दुपारची तारीख होती. आणि महिनाभर बाळ हाकेला वळत नव्हतं.)

सुनेचं लक्ष मात्र खाली होतं. बाबा लाकडी चौथऱ्यावर. ढोल चौथऱ्यावर. बाळही चौथऱ्यावरच.

तिने बाळाला उचललं आणि बाबांकडे पाठ करून फरशीवर उभी राहिली. "आता वाजवा."

ढम! बाळ तिच्या कुर्त्याचं बटण चोखत होतं.

ढम! ढम!

बटण.

"शंकेखोर बाईच्या कडेवर नाद टिकत नाही!" बाबा उसळले.

"बरं. मग आई, तुम्ही बसा वर. तुमची तर श्रद्धा आहे. कानात कापसाचे बोळे, डोळे बंद. वाजलं की हात वर करा."

सासूबाई ऐटीत बसल्या. सुनेने बाबांना हातानेच थांबवलं आणि चौथऱ्यावर नुसती टाच टेकवली, हलकेच. हात वर! पुन्हा टाच. पुन्हा हात.

लोक खिदळायला लागले. सासूबाईंनी डोळे उघडले, बोळे उपसले. "दात काय काढताय?"

"ढोल वाजलाच नाही, आई."

"मग माझ्या बुडाखाली थरथरलं ते काय?"

बोलून गेल्या आणि त्यांनी बाळाकडे पाहिलं. मग हळूच, "म्हणजे पोरालाही... नुसती थरथरच?"

"ते नादाचं सूक्ष्म रूप—" बाबा सरसावले.

"सूक्ष्म रूप बुडाने ऐकायचं, तर कान काय डूल घालायला आहेत? चल गं, दुपारची वेळ टळेल!"

तपासणीत दिसलं, बाळाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. वेळेवर कळलं, म्हणून लगेच श्रवणयंत्रं लागली. ती लावताच सासूबाईंनी हौसेने लाडाचा शब्द काढला आणि बाळाने भोकाड पसरलं. "माझ्या आवाजाने घाबरलं हो!" आठवडाभर त्या कौतुकाने सांगत होत्या.

पहिल्या चाचणीत पास होणं म्हणजे जन्मभराचं प्रमाणपत्र नव्हे. जोखमीच्या बाळाच्या कानांवर पुढेही लक्ष ठेवावं लागतं. चमत्कार दिसला, तर आधी बाळाला चौथऱ्यावरून उचला. मग वाजवायला सांगा.