चार माणसांत

धनाजी शेडगे यांनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि तेवढ्या काळात प्रवाशाला मध्येच खाली उतरवण्याची वेळ त्यांच्यावर तीनदा आली. निवृत्त होऊन ‘आपलं घर मुळशी’ या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन झाले, तर चार वर्षांत सत्तावीस जण उतरवले. यावरून माणसं बिघडली की गाडी, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

ग्रुपात नऊशेच्या वर माणसं. कोळवण खोऱ्यातले भातवाले, पौडचे दुकानदार, बावधनच्या फ्लॅटात राहायला गेलेल्या लेकी-सुना आणि त्यांच्यावर लक्ष ठेवून असलेल्या सासवा. लावणीला माणसं हवीत, शेळी चुकली, अमक्याची पोर दहावीत पहिली आली, असं सगळं त्यावर चालायचं. ग्रुप काढताना शाळेतल्या जयाबाईंनी एकच नियम लिहिला होता: घरातल्या चार माणसांत मोठ्यानं वाचता येईल, तेवढाच विनोद टाकावा. नियम सोपा. पण चार माणसं कुणाच्या घरातली, हे बाईंनी लिहिलं नव्हतं. तेव्हा निवाडा करायला कुणीतरी लागणार होतं, आणि ज्याच्या एका घंटीवर भरली गाडी थांबायची त्या माणसाचं नाव सगळ्यांनी एकमतानं पुढं केलं.

धनाजींनी काम नेटानं घेतलं. एक आखीव वही केली. विनोद कुणाचा, कशावर, ठेवला की काढला. वहीवरून त्यांना खोऱ्यातली माणसं नव्यानं कळायला लागली. बायकोवर विनोद टाकणारे पहिल्या पानापासून तेच अकरा जण, आणि त्यातल्या एकाचाही आवाज स्वतःच्या घरात ऐकू येत नाही. डॉक्टरांवर टाकणाऱ्यांचे रिपोर्ट यायचे असतात. दुसऱ्याच्या जातीधर्मावर टाकणारा आधी ‘राग नसावा’ असं लिहितो. ते दोन शब्द दिसले की धनाजी पुढचं वाचत नसत, काढून मोकळे होत.

बाकीचे वाचावे लागत, आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं. बायको राजाबाई होत्या तोवर हे सोपं होतं. त्या तांदूळ निवडत बसायच्या, धनाजी समोर बसून वाचायचे. राजाबाईंच्या नाकातून हसू फुटलं की विनोद पास. ‘मुडदा बशिवला मेल्याचा’ म्हणाल्या की नापास. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता धनाजी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाचतात. चार माणसांतलं एक माणूस हजर असतं. बाकीच्या तिघांची भर मनानं घालावी लागते. कधीकधी वाचून झाल्यावर ते थोडं थांबतात, जसं कुणी काही बोलणार आहे.

आणखी एक गोष्ट वहीत लिहिण्यासारखी नव्हती. निवाडा करणाऱ्याची थट्टा कुणी करत नाही. कोळवणच्या स्टँडवर चहाला चार जण खिदळत असले आणि धनाजी दिसले, की बोलणं अर्ध्यावर मोडायचं. ‘या काका, बसा काका,’ म्हणत माणसं अशी सरकायची, जसं शाळातपासनीस आले. धनाजी चहा पिऊन निघाले, की मागं हशा पुन्हा सुरू व्हायचा. आपल्यावरच हसत असतील, अशी त्यांना थोडी आशा वाटायची.

थट्टा करणारा एकच उरला होता: नांद्याचे हैबतराव.

हैबतराव धनाजींचे व्याही. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी झाले. हैबतरावांच्या मल्हारला धनाजींची लेक अपेक्षा दिली. व्याह्यानं व्याह्याची चारचौघांत उडवायची, ही आपल्याकडची रीत. पण हैबतरावांनी ती व्रतासारखी पाळली. दर रविवारी सकाळी ग्रुपावर एक किस्सा. ‘आमचं इवाई पंगतीत अकरा जिलब्या खाऊन बसलं. वाढपी बारावी घिऊन आला तर पोटावर हात ठिवून म्हणत्यात, चला, पुढं सरका, आत लई जागा हाय.’ धनाजींनी एकाही जिलबीला हात लावलेला नव्हता, हे सगळ्या मांडवाला माहीत होतं, म्हणून तर हसू जास्त.

दोन वर्षांपूर्वी अपेक्षा आणि मल्हारची फारकत झाली. आरडाओरडा न होता, कोर्टात, दोन सह्यांत. मल्हारनं बंगळुरात दुसरा संसार मांडला. अपेक्षा बावधनला एकटी राहते, हिंजवडीला नोकरी करते. नवरा-बायको सुटली म्हणजे कोण कुणाचं काय राहिलं नाही, हे कोर्ट सांगतं. दोघांचे बाप एकमेकांचे कोण, हे कागदावर कुठंच नव्हतं. येणं-जाणं बंद झालं, कारण कुठल्या नात्यानं जायचं? फोन थांबला. फक्त रविवारचा किस्सा थांबला नाही. हैबतराव ‘आमचं इवाई’ असं लिहीतच राहिले, आणि धनाजी रविवारी जरा लवकर उठू लागले.

त्या रविवारी आलेला किस्सा जुनाच होता. ‘लेकीला वाटं लावताना समदे रडत व्हते. आमचं इवाई डोळं पुसत जवळ आलं, सवयीनं बगलेतल्या पिशवीत हात घातला आन् म्हणलं, एकेरी देऊ, का येऊन-जाऊन?’

धनाजींनी ओट्याला टेकून मोठ्यानं वाचलं आणि त्यांना असं हसू आलं, की चष्मा काढून ठेवावा लागला. आठवड्यातलं ते पहिलं हसू होतं. हसू ओसरेपर्यंत खाली पौडच्या एका मोटारपार्टवाल्यानं लिहिलं होतं: ‘मग येऊन-जाऊनचंच निघालं म्हणायचं!’

हसू जागच्या जागी वाळलं. पार्टवाल्याला त्यांनी तिथल्या तिथं ग्रुपातून काढलं. सत्ताविसावा. पण वरचा किस्सा तसाच राहिला. बोट त्याच्यापर्यंत गेलं आणि परत आलं.

तासाभरात अपेक्षाचा फोन.

“आण्णा, वाचलंत?”

“वाचलं. त्या पौडवाल्याला उतरीवला बी.”

“त्याचं नाही विचारत मी. मूळचं तसंच आहे.”

“आगं, ते माझ्यावर हाय. इवाई इवायाला बोलतोय. तुझं काय त्यात?”

“माझं लग्न आहे ना त्यात.” अपेक्षा म्हणाली. “आण्णा, दर रविवारी नऊशे माणसांत माझं लग्न लागतं. सोमवारी ऑफिसात गेले की माझ्या टीममधले दोघं मुळशीचे, ते माझ्याकडे असे बघतात, जसं कालच अक्षता टाकून आलेत.”

“त्यांच्या मनात वाकडं न्हाई, बाळा.”

“ठाऊक आहे मला. सासरे होते तेव्हाही नाना मला कधी एक शब्द वाईट बोलले नाहीत. म्हणून तर मला सांगता येत नाही त्यांना. तुम्ही सांगा. ॲडमिन तुम्ही आहात.” मग हळूच म्हणाली, “तुम्ही हसलात का हो वाचून?”

“मी? न्हाई.”

विनातिकीट माणूस ‘न्हाई’ कसं म्हणतो, हे धनाजींनी एकतीस वर्षं ऐकलं होतं. आज स्वतःच्या तोंडून ऐकलं.

“बरं,” अपेक्षा म्हणाली आणि फोन ठेवला.

काढणं एका बोटाचं काम होतं. पण हैबतरावांना न भेटता, तोंड न दाखवता उतरवायचं, हे धनाजींना पटेना. सोमवारी सकाळी कोळवणहून जीपनं पौड, पौडहून एसटीनं पिरंगुट, तिथून सहा आसनी रिक्षात बसून ते नांद्याला पोचले. दोन वर्षांत रस्त्याकडेची भातखाचरं जाऊन तिथं बारा-बारा मजले उभे राहिले होते. मधोमध हैबतरावांचं घर, भरल्या गाडीत एखादं म्हातारं माणूस अंग चोरून बसावं तसं.

हैबतराव ओसरीवर होते. धनाजींना पाहून उठलेच.

“या इवाई! या! पुढं सरका, आत लई जागा हाय!”

धनाजींना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुढचं जड झालं. पाणी पिऊन झालं, पावसापाण्याचं झालं. मग म्हणाले, “कालचा किस्सा...”

“कसा हुता? एकशेबारा जणांनी दात काढलं!”

“झ्याक हुता. काढावा लागंल.”

हैबतराव मिशीवरून बोट फिरवत राहिले. “का? चार माणसांत वाचन्यासारखा न्हाई?”

“हाय. पर चौथं माणूस अपेक्षा हाय.”

मागच्या इमारतीत फरशी कापायचं मशीन चालू झालं आणि बंद पडलं.

“पोरगी रडली?”

“रडली असती तर समजूत काढली असती.”

“मला ध्यानातच आलं न्हाई बघा,” हैबतराव म्हणाले. “नऊ वर्सं सांगतोय. सांगता सांगता त्यात पोरगी हाय, हेच इसरलो.”

“मी बी हसलो,” धनाजी म्हणाले. हे लेकीला सांगता आलं नव्हतं. मग घाईनं पुढं म्हणाले, “मी काय म्हणतो, ग्रुपावर नको. मला एकट्याला पाठवत जावा. मी वाचीन.”

“एकट्याला?” हैबतरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मांडवात नवरीऐवजी करवलीच उभी केली. “आवो, थट्टा चार माणसांत असती. एकट्याला गाठून केली तर ती शिवी हुती. तुमाला काय रोज उठून शिव्या घालू व्हय?”

“घाला की.”

“याड लागलंय तुमाला.”

“मग लगीन सोडून टाका. दुसरं कायबी टाका.”

“दुसरं काय हाय आपल्यात?”

हे हैबतरावांनी टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. दोघंही विचार करायला लागले. शेताला शेत लागून नाही. शाळा एक नाही. देव वेगळा, जत्रा वेगळी. हैबतरावांनी उभ्या आयुष्यात धनाजींच्या गाडीनं प्रवासही केला नव्हता. धनाजींनी इकडून तिकडून सगळं चाचपून पाहिलं. एका मांडवातल्या दोन दिवसांपलीकडे हाताला काही लागेना.

“काढा,” हैबतराव म्हणाले.

“घरी जाऊन काढतो.”

“न्हाई. हितं काढा. माझ्यासमूर.”

धनाजींनी चष्मा लावला, किस्सा शोधला, बोट ठेवलं. या वेळी बोट परत आलं नाही. समोरच्या फोनवर लगेच ओळ उमटली. हैबतरावांनी फोन लांब धरून ती शाळेतल्या पोरासारखी अक्षर अक्षर लावून वाचली: “हा मेसेज ॲडमिन धनाजी शेडगे यांनी डिलीट केला.”

मग आत वळून चहा मागितला. कप आला तेव्हा तो स्वतःच्या हातानं पुढं केला आणि म्हणाले, “घ्या, धनाजीराव.”

नऊ वर्षांत त्या तोंडातून हे नाव धनाजींनी पहिल्यांदा ऐकलं. हैबतरावांना आपलं नाव ठाऊक आहे, याचंच त्यांना नवल वाटलं. चहात साखर बेताची होती. व्याही आले म्हणजे आत मुद्दाम दुप्पट घालायचे आणि ‘गोड बोला जरा’ म्हणायचे, तसं काही कुणी केलं नव्हतं.

निघताना हैबतराव रस्त्यापर्यंत आले. सहा आसनीची वाट बघत दोघं उभे राहिले. बोलण्यासारखं होतं ते संपलं होतं. एक मोटारसायकलवाला जाता जाता थांबला, पाय टेकवून म्हणाला, “काय नाना, पावनं कुटलं?”

हैबतरावांनी तोंड उघडलं. नऊ वर्षं या प्रश्नाला एक उत्तर होतं आणि त्याला एखादी कोपरखळी जोडलेली असायची. धनाजी रस्त्याकडे बघत राहिले, पण कान इकडे होता.

“कोळवनचं हायेत,” हैबतराव म्हणाले. आणि थोडं थांबून, “ग्रुपचं ॲडमिन.”

“आसं व्हय!” मोटारसायकलवाल्यानं हँडलवरचे दोन्ही हात काढले. “नमस्कार साहेब. लई चांगलं काम करताय. बायामानसांत वाचता येतंय आता.”

धनाजींनी मान हलवली. सहा आसनी आली. ते आत बसले, कडेच्या माणसानं मांडी आवरून घेतली. वळून पाहिलं, तर हैबतरावही दोन्ही हात जोडून उभे होते, अगदी रीतसर, कुणीही कुणाला करतं तसे.