पहिल्या प्रश्नाचा मान

देशोदेशीच्या विद्वानांना पाचारण करणाऱ्या त्या विद्यापीठात दर गुरुवारी सर्वांसाठी खुले व्याख्यान होई, आणि गेली अकरा वर्षे व्याख्यानानंतरचा पहिला प्रश्न निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा असे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण संयोजक "आता प्रश्न" म्हणाले की माईक आपसूक तिसऱ्या रांगेकडे निघे आणि बाई चष्मा सावरून उभ्या राहत. त्यांच्या प्रश्नाला प्रस्तावना असे, पोटात तीन उपप्रश्न असत. तो संपेस्तोवर मागच्या रांगेतले दोघे-तिघे घरी पोहोचलेले असत.

यंदा बाईंनी सोबतीला धाकट्या जावेला नेले. तिचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. "चार शब्द कानावर पडतील तिच्या," एवढाच उदार हेतू. तिचा गुडघा आखडतो म्हणून वाटेकडेची खुर्चीही तिलाच दिली. घात झाला तो तिथेच.

मागच्या गुरुवारी अनेक देशांतून वाहणाऱ्या नद्यांवर व्याख्यान होते. माईक वाटेने आला, तो आधी धाकटीच्या हाती पडला. तो पुढे सरकवायचा सोडून तिने विचारले, "वरच्या देशानं पाणी सोडलं, तर खाली नदीवर कपडे धुणाऱ्या बाईला कोण सांगतं हो?"

दुभाष्याने ते वक्त्याला सांगितले. वक्त्याने हातातली टिपणे खाली ठेवली. "कचेरी कचेरीला कळवते," तो म्हणाला. "त्या बाईला कोणीच नाही. वीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं."

टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी तो विद्वान कप घेऊन धाकटीशेजारी जाऊन बसला. मोठ्या बाईंचा प्रश्न वेळेअभावी राहिला तो राहिलाच. त्यांच्या पोटात जे दुखू लागले, त्याला कुठल्या वैद्याकडे औषध नव्हते.

म्हणून या बुधवारी, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकटीला त्यांनी जिन्यातूनच सांगून टाकले, "उद्याचं रद्द झालंय गं. वक्त्याचं विमान चुकलं."

गुरुवारी त्या एकट्या गेल्या आणि वाटेकडेच्या खुर्चीवर बसल्या. संयोजकांनी येताच विचारले, "आज धाकट्या बाई नाही आल्या?"

"पाय धरलाय तिचा," बाई म्हणाल्या. एका खोट्याला दुसरे लागतेच.

व्याख्यान परदेशी कामाला गेलेल्या माणसांविषयी होते. पहिला माईक बाईंनाच मिळाला. प्रस्तावना झाली, तिन्ही उपप्रश्न झाले. वक्ता नम्रपणे म्हणाला, "आपल्या विचारांबद्दल आभारी आहे," आणि पुढच्या हाताकडे वळला.

घरी परतल्या, तो धाकटी दारातच उसवलेली बाही शिवत बसलेली.

"रद्द झालेलं व्याख्यान छान झालं हो, मोठ्या बाई."

बाईंचा पाय पायरीवरच थबकला.

"सूनबाईला म्हटलं, मोबाइलवर मागचं लावून दे. तर आजचंच सुरू झालं. थेट दाखवतात म्हणे! तुम्ही दिसत होतात झोकात. प्रश्न तेवढा लांबला."

चौतीस वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापिकाबाईंनी कोणाची माफी मागितली नव्हती. ती सवय आता कुठून लागणार? "तू असतीस तर काय दिवे लावले असतेस?" त्यांनी करड्या आवाजात विचारले.

"मी? माणूस दहा वर्षांनी परत येतो, तोवर त्याची घरातली जागा दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असते. मग सरकायचं कोणी? एवढंच विचारलं असतं."

प्रश्न चांगला होता. चांगला होता, हेच तर दुखणे होते. बाईंनी पर्सचा पट्टा पिळला, सोडला, पुन्हा पिळला.

"पुढच्या गुरुवारी साडेचारला तयार राहा," शेवटी हुकूम सुटला. "वाटेकडे मात्र मी बसणार."

"आणि माझा गुडघा?"

"पुढच्या खुर्चीखाली पाय लांब कर. माझं झालं की माईक तुझ्या हातात देईन."

धाकटीने दाताने दोरा तोडला. "त्याच गुरुवारी ना?"

बाई जिना चढू लागल्या होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "एक उपप्रश्न कमी करीन."