मार्गदर्शकाची सही

टिपणिसांच्या घराण्यात प्रथम दिल्ली पाहिली ती अंबादासपंतांनी. उभा जन्म सरकारी कारकुनीत गेला, पण कचेरीतली टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. त्यांचे चिरंजीव बळवंतराव. मान ताठ ठेवून केंद्राच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि ताठ मानेनेच गेले. बळवंतरावांचा सुधन्वा, आयकर खात्यात गुवाहाटीला आहे, आणि दिवाळीला आलेली मिठाईची खोकी अजूनही उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. आणि सुधन्वाचा यतीन. तो नोकरी सांभाळून फौजदारी न्याय या विषयात एम. ए. करत होता, मुक्त विद्यापीठातून, घरबसल्या.

बळवंतरावांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंना आरंभी त्याचा अभिमान वाटला होता. मग त्यांनी तो अभ्यास जवळून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली ती कायमची. रविवारच्या वर्गांना हजेरीपुरते जायचे. असाइनमेंट दुकानातून तयार आणायच्या आणि कानात गाणी लावून आपल्या अक्षरात उतरवून काढायच्या. त्यांनी हटकले तेव्हा नातू हसून म्हणाला, “आजी, त्यांना हस्ताक्षर हवं असतं, डोकं नाही. सब करते हैं यार.”

आजीला ‘यार’ म्हणणाऱ्या त्या तोंडाकडे त्या नुसत्या पाहत राहिल्या. चोरांचा अभ्यास चोरून करणारा विद्यार्थी आपल्याच घरात निपजावा, याची त्यांना शिसारी आली.

शेवटी राहिला प्रबंध. विषय होता, खटल्यातले साक्षीदार का फिरतात. विद्यापीठाचा नियम असा की मार्गदर्शक विद्यार्थ्यानेच शोधायचा आणि प्रबंधावर त्याची सही आणायची. मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष चढ्ढा हे निवृत्त सरकारी वकील. सूनबाई रेवती, यतीनची आई, चिरोट्यांचा डबा घेऊन गेली आणि त्यांना गळ घालून आली. चढ्ढांनी चिरोटे खाल्ले, मुखपृष्ठ पाहिले, प्रबंध ठेवून घेतला आणि जमा करायच्या आदल्या दिवशी ये बेटा, सही करून देतो, असे सांगितले. मार्गदर्शन म्हणावे ते एवढेच. यतीनने मुदत पूर्वीच वाढवून घेतली होती. या खेपेला प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती.

थंडी सरत आली असतानाची गोष्ट. एका पहाटे प्रमोदिनीबाईंनी बाल्कनीत वाचत बसलेल्या नातवाच्या हातात चहा दिला आणि त्या देवापाशी गेल्या. निरांजन लागते न लागते तोच खालून गाडीचा करकचून आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी. यतीन आत आला तो पांढराफटक. सदऱ्यावर चहा सांडलेला. विचारले तर म्हणाला, काही नाही.

खाली विजयालक्ष्मी पडल्या होत्या. बळवंतरावांच्या कचेरीत टंकलेखिका होत्या त्या. मूळच्या तंजावरकडच्या, सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधल्या शेजारीण. कचेरीतल्या लोकांनीच ही सोसायटी उभी केली, म्हणून इथेही शेजार टिकला. पहाटे काठी टेकत आवारात फेऱ्या घालण्याचा त्यांचा नेम होता. चढ्ढांचा मुलगा कुठून तरी जागरण करून आला आणि मागे न पाहता गाडी मागे घेतली. म्हातारीचे खुब्याचे हाड मोडले.

दुपारपर्यंत चढ्ढांनी सारे सावरून घेतले. बाई चक्कर येऊन पडल्या, गाडी जागची हललीच नव्हती, कॅमेरा बंद होता, आणि मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना काय दिसणार? संध्याकाळी चौकशीला शिपाई दारी आला. यतीन म्हणाला, “मैं तो सो रहा था जी.”

प्रमोदिनीबाई शेजारीच उभ्या होत्या. ज्या हातात आपण चहा दिला, तो हात छातीशी घडी घालून खोटे बोलत होता. परक्यापुढे घरचे माणूस उघडे पाडू नये, म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्याचीही त्यांना तितकीच किळस आली. दार लागताच त्यांनी नातवाला समोर बसवले.

रेवती मध्ये पडली. चढ्ढांची सही अजून व्हायची आहे, पोराची सारी वर्षे पाण्यात जातील, विजयाकाकूंचे हाड काही साक्षीने जुळणार नाही, असे बरेच बोलली.

“झालं तुझं?” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “चिरोटे मी तळले होते, रेवती. कशासाठी तळतेय ते ठाऊक असतं तर कढई उलटी केली असती.”

मग त्यांनी नातवाला ती गोष्ट सांगितली, जी त्या घरात कोणी उच्चारत नसे. बळवंतराव ऐन उमेदीत असताना कचेरीतली एक फाइल फुटली, आणि वरच्या साहेबाने किटाळ त्यांच्यावर ढकलले. नोकरी जाणार, तुरुंगही चुकणार नाही, अशी वेळ आली. तेव्हा विजयालक्ष्मी चौकशी समितीपुढे उभ्या राहिल्या आणि बाहेर गेलेला तो कागद साहेबांनी स्वतः माझ्याकडून टंकून घेतला, असे सांगितले. साहेबाच्या बाजूने भर सभेत त्यांना विचारण्यात आले, टिपणिसांशी तुमचे नाते काय? प्रश्नातला चिखल सगळ्यांना कळला. त्यांनी तो अंगावर घेतला आणि साक्ष बदलली नाही. बळवंतराव सुटले. विजयालक्ष्मींची बदली शिलाँगला झाली. तान्हे मूल आईपाशी ठेवून त्या गेल्या, आणि परतल्या तेव्हा ते मूल त्यांना ओळखत नव्हते.

“त्या बाईनं एका शब्दानं कधी आठवण दिली नाही,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “तू जे अन्न खातोस ते तिच्या साक्षीचं आहे.”

यतीन खाली मान घालून म्हणाला, “आजी, हे सगळं प्रॅक्टिकल नाहीये. आता फिरलो तर मी आधी खोटं बोललो हेही लिहून घेतील.”

“लिहू देत. चपला घाल. तिला भेटायला जायचं आहे.”

रुग्णालयात विजयालक्ष्मी पायाला वजन बांधून पडल्या होत्या. प्रमोदिनीबाईंना पाहून त्यांनी वॉर्डातल्या पातळ सांबाराची यथेच्छ निंदा केली. मग यतीनचा हात धरून, प्रबंध कुठवर आला म्हणून चौकशी केली. त्याला विषय सांगावा लागला. साक्षीदार का फिरतात, हे शब्द त्याच्या तोंडातून कसेबसे बाहेर पडले.

विजयालक्ष्मी हसल्या. त्यांचे मराठी सरोजिनी नगरच्या जिन्यात शिकलेले, हिंदीच्या कुबड्या घेऊन चालणारे. “अच्छा विषय आहे. तू घाबरू नको, बेटा. पोलीसने विचारलं, वर कोणी होतं का. मी तुझं नाव नाही घेतलं.”

यतीनने हात सोडवून घेतला नाही. त्याला तो सोडवता येईना. मोतीबिंदूच्या त्याच डोळ्यांनी पडता पडता वर पाहिले होते, बाल्कनीतला पोरगा ओळखला होता, आणि त्याच्या परीक्षेसाठी आपला एकुलता एक साक्षीदार सोडून दिला होता. प्रमोदिनीबाईंच्या मनात एकच प्रश्न आला. एका घराने एकाच बाईकडून किती घ्यावे?

जिना उतरल्यावर यतीनने रिक्षा थांबवली आणि चालकाला घराचा नव्हे, पोलीस ठाण्याचा पत्ता सांगितला.

जबाब नोंदवला गेला. चढ्ढांनी प्रबंध वॉचमनच्या हाती परत पाठवला. सही नव्हती, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचे वर्तुळ मात्र होते. दुसरा मार्गदर्शक मिळायच्या आत मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. सोसायटीत टिपणिसांशी बोलणे बंद झाले. लिफ्टमध्ये लोक मोबाइलमध्ये डोके घालत. रेवती बरेच दिवस सासूशी कामापुरते बोलत होती.

खटला कडकडडूमाच्या न्यायालयात उभा राहिला तेव्हा पुन्हा थंडी पडली होती. विजयालक्ष्मींना चाकाच्या खुर्चीत आणले होते. प्रमोदिनीबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. यतीन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला, सरकारी वकिलाने त्याची सरतपासणी घेतली. मग चढ्ढांचा वकील उठला. हे गृहस्थ न्यायाचे विद्यार्थी होते, होते ना? पदवी मिळाली? नाही? माझ्या अशिलाच्या वडिलांनी सही दिली नाही, त्याचा हा सूड तर नव्हे? दालनात खसखस पिकली. मग त्याने विचारले, घटनेच्या दिवशी तुम्ही पोलिसांना झोपलो होतो असे सांगितले. तेव्हा खोटे बोललात की आज बोलता आहात?

प्रमोदिनीबाईंनी डोळे मिटले नाहीत. टिपणिसांचे नाव पुकारून भर न्यायालयात खोटेपणाचा प्रश्न विचारला जात होता, आणि त्यांना तो ऐकायचा होता.

“तेव्हा खोटं बोललो,” यतीन हिंदीत म्हणाला. “चढ्ढासाहेबांची सही हवी होती म्हणून. गाडी मी पाहिली. आजही तेच सांगतो.”

वकिलाने प्रश्न फिरवून फिरवून विचारला. साक्ष हलली नाही.

खाली उतरल्यावर यतीन आजीकडे न येता खुर्चीपाशी गेला आणि वाकून विजयालक्ष्मींच्या पायांना हात लावला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाकाकडे पाहिले.

“प्रमोदिनी,” त्या म्हणाल्या, “आता तुमच्याकडे माझं काही बाकी नाही.”

“नाही,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ढकलायला स्वतः उठल्या.