न धुतलेला ब्रश

ब्रशचं टोक वाळून काटा झालं होतं. पर्समध्ये रुमाल चाचपताना ते ठमाबाईच्या बोटाला टोचलं, आणि कंडक्टर 'मावशी, रोहाच ना?' असं दुसऱ्यांदा विचारत उभा असताना ती त्या काळ्या, कडक झालेल्या केसांकडेच बघत राहिली. शून्य नंबरचा ब्रश, गणपतीचे डोळे आखायचा. बावीस वर्षांत तिने तो एकदाही न धुता ठेवला नव्हता. ताप असो, घरात पाहुणे असोत, आधी ब्रश धुवायचा, मग आपले हात. जोह्याच्या कारखान्यातल्या प्रत्येक बाईला तिने पहिला धडा हाच दिलेला. आणि काल... काल तो तसाच पर्समध्ये कोंबून ती घरी आली होती, चोरून आणल्यासारखा.

असू दे, तिने स्वतःला दटावलं, आजचा दिवस त्यासाठी नाही. आज रोह्याजवळच्या वरशाला पाळकसाहेबांचा निरोपसमारंभ – एकतीस वर्षं तिथली ख्रिस्ती मंडळी सांभाळून ते आता लेकीकडे नाशिकला चालले होते. पिशवीत त्यांच्या बायकोसाठी, शांतीबाईंसाठी, पोह्याचे पापड होते. आणि मनात, खोटं कशाला बोला, मनात अकरा वर्षं जपून ठेवलेलं एक गाऱ्हाणं होतं. बहीण बायजा फोनवर म्हणाली होती, "अगो, शमुवेलाचा भाग वाचनार हायेत. तुला यायलाच लागंल." शमुवेल म्हणजे तो म्हातारा संदेष्टा – आयुष्यभर लोकांचा पुढारी झालेला. केस पिकल्यावर तो सगळ्यांसमोर उभा राहतो आणि विचारतो, बाबांनो, मी कोणाचं काही ओरबाडलं असेल, कोणाला दडपलं असेल, तर देवाच्या साक्षीने आत्ता सांगा, मी भरून देतो. वाचा म्हणावं! बघू या तरी कुठल्या तोंडाने वाचतात... असं ती म्हणत आली होती. काल दुपारपर्यंत.

नवरा गेल्यावर बायजानेच तिला प्रार्थनेला नेलं होतं. पुढे बाप्तिस्म्याचं ठरलं, तेव्हा ठमाबाईने आधी पाळकसाहेबांना गाठलं. ते ओट्यावर बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होते, शांतीबाईंनी कामाला लावलं होतं. ती म्हणाली, मी गणपतीच्या कारखान्यात डोळे आखते, हे तुमच्यात चालत असेल तर बोला, मागाहून भानगड नको. त्यांनी बराच वेळ वालाचा एक दाणा बोटांत फिरवला. मग म्हणाले, "पोर पदरात आहे, हातात कसब आहे. तू काम कर, ठमा. कोणी विचारलं तर मी आहे." मी आहे! त्या दोन शब्दांवर ती जोह्यापर्यंत हसत आली होती.

वर्षभराने मंडळीच्या पंचांच्या बैठकीत कोणीतरी विचारलंच – हिने हे लपवून बाप्तिस्मा घेतला काय? ठमाबाईने पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते... बघतच राहिले. शेवटी म्हणाले, "तिला थोडा वेळ देऊ या." सगळ्यांना वाटलं, काय दयाळू माणूस! ठरलं असं की काम सुटेपर्यंत ठमाबाईने प्रभुभोजन घ्यायचं नाही. काम सुटलं नाही. तिनेही मंडळी सोडली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी, शेवटच्या बाकावर, भाकरीच्या तुकड्यांचं ताट आलं की ते दोन्ही हातांनी धरायचं आणि काही न घेता पुढे द्यायचं. बायजा चिडायची, "कशाला येतेस गो मान खाली घालाया?" कशाला म्हणजे? जागा सोडली असती तर लपवलं हेच खरं ठरलं असतं. मग तोंड उघडून सांगितलं का नाही... ते तिला कधीच नीट उमगलं नाही. पोरीला कावीळ झाली तेव्हा पाळकसाहेब पेणच्या दवाखान्यात अख्खा दिवस तिला मांडीवर घेऊन बसले होते, हे एक होतं. त्यांचा राग यायचा, पण त्यांच्यावर जीवही होता. दोन्ही एकाच वेळी असतं माणसाला, त्यात काय?

नागोठणं मागे पडलं. खिडकीबाहेर भाताची खाचरं पोपटी झाली होती. तिने उजवा डोळा मिटून पाहिलं, मग डावा. डावा मिटला की शेत शेत राहत नाही, हिरवट धूर होतो. मोतीबिंदू – चैत्रातच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. डोळे आखणाऱ्या बाईचेच डोळे गेले म्हटल्यावर कारखान्याचे महिपतीशेठ तिला काय मखरात बसवणार होते? ऑपरेशन करू, गणपती होऊन जाऊ देत, मग बघू...

आणि काल त्या चार फुटी मूर्तीचा डावा डोळा. उजवा झाला होता देखणा. डाव्याचं बुबुळ तिने टेकवलं, मागे सरून पाहिलं, तर ते गव्हाएवढं खाली उतरलेलं. देवाची नजर जमिनीला लागली होती. पुसायला फडकं उचलणार, तोच शेठ दारात. "हा डोळा कोनी काढला?" शेजारी प्रणिता उभी होती, हातात ब्रश. प्रणिता म्हणजे दोन मुलांची आई, रोज हमरापूरहून चालत येणारी. बारा बायकांतून निवडून ठमाबाईनेच तिला यंदा आखणी शिकवली, कारण तिचा हात तसा होता. शेठ तिच्याकडेच बघून ओरडले, "तुला मोठ्या मूर्तीला हात लावाया कोनी सांगितला?" प्रणिताने ठमाबाईकडे पाहिलं. एकदाच.

मी गप्प बसले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मी बोलले. मी म्हणाले, "शिकते हाय ती, शेठ. चुकतं मानसाचं." वा गो ठमे, काय ती माया! बाकीच्या बायकांना वाटलं, बाई कशी पदराखाली घेते. शेठ म्हणाले, "उद्यापासून घरी बस." गणपती पंधरा दिवसांवर आलेले. प्रणिताने वाद घातला नाही. तिने ब्रश धुतला, शिकवला होता तसा, टोक बोटांनी जुळवून डबीत उभा ठेवला, चप्पल घातली आणि गेली.

तिला थोडा वेळ देऊ या. शिकते हाय ती. – एसटीच्या खडखडाटात ही दोन वाक्यं तिला एकाच आवाजात ऐकू आली, आणि पापडांचा चुरा होईल याचंही भान न राहता ठमाबाईने पिशवी छातीशी आवळली.

हॉल भरला होता. शेवटच्या बाकावरची तिची जागा मात्र लोकांनी सोडून ठेवली होती, सवयीने. पाळकसाहेब किती वाळले होते! त्यांनी शमुवेलाचा भाग वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मी कोणावर अन्याय केला असेल तर आज सांगा." "नाही, नाही," पुढच्या बाकांवरून आवाज आले, कोणी डोळे पुसले. आता उठावं. हाच तो क्षण, किती वेळा मनात घोळवलेला... आणि ठमाबाईला कळलं की आपण अंग चोरून, मान खाली घालून बसलो आहोत, जणू प्रश्न आपल्याला विचारलाय.

"शमुवेल हे विचारू शकत होता," पाळकसाहेब म्हणाले. "मला ते शोभत नाही. माझ्याकडे उत्तर आहे." आवाज इतका हळू की मागच्यांना पुढे वाकावं लागलं. "ठमाबाईंनी काही लपवलं नव्हतं. त्यांनी आधी मला विचारलं होतं आणि मीच हो म्हटलं होतं. पंचांसमोर मी गप्प बसलो. मला भीती वाटली की लोक म्हणतील, हाच असा पाळक, मग मंडळीला काय वळण लावणार? अकरा वर्षं मी त्यांना त्या बाकावर बसवून ठेवलं, आणि दर महिन्याला याच टेबलाशी उभा राहून भाकर मोडली. देवाने मला विचारायच्या आधी तुम्ही विचारा. मी उभा आहे."

मग ते स्वतःच ताट उचलून मधल्या वाटेने आले. स्टीलवर तुकडे सरकत होते. ते तिच्यासमोर थांबले आणि त्यांनी ताट पुढे केलं. ठमाबाईचे डोळे भरून आले. उठून त्या म्हाताऱ्याला जवळ घ्यावं, म्हणावं, पुरे हो, किती शिक्षा करून घ्याल... हेच तर हवं होतं तिला, इतकंच हवं होतं. तिने हात पुढे केला. तर्जनीच्या पेरावर काळा ठिपका होता. कालचा रंग.

"आज नाय, पाळकसाहेब," ती म्हणाली. त्यांचा चेहरा उतरला तसं तिने घाईने त्यांचं मनगट धरलं. "तुमच्यावर राग नाय माझा. देवाशपथ नाय. गेला सगला. माझंच एक राह्यलंय."

"मी थांबू?" त्यांनी विचारलं.

"नको. तुम्ही घ्या. तुमचं झालं."

समजलं असेल का त्यांना? त्यांना नाही समजलं तर आणखी कोणाला समजणार? ताट पुढे गेलं. बायजाने कोपराने ढोसलं, "येडी का खुळी गो तू? अकरा वर्षं रडलीस ना याच्यासाठी?" ठमाबाईला प्रणिताचं दार दिसत होतं, पण दाराशी जाऊन कानात सांगण्याने भागणार नव्हतं. कारखान्यात, शेठसमोर, बारा जणींसमोर म्हणायचं होतं – डोळा मी चुकवला, मला दिसत नाही. मग ब्रश प्रणिताच्या हातात जाईल आणि आपण... आपण काय करू? माती मळू? की घरीच बसू? आणि उद्या खरंच तोंड उघडेल? त्याचा काही भरवसा तिला वाटेना.

पाळकसाहेब टेबलापाशी परत पोचले होते आणि पाठमोरे उभे होते. त्या बैठकीनंतर त्यांचं कसं झालं असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. पहिला दिवस भयंकर गेला असेल. जेवण गेलं नसेल, शांतीबाईंनी दहादा विचारलं असेल. म्हणाले असतील, उद्या सांगून टाकू. मग उद्या आला, आणि तो कालच्यापेक्षा थोडा सोपा गेला असेल. तिसरा त्याहून सोपा. असंच तर झालं असणार... कोणी ठरवून अकरा वर्षं गप्प बसतं का?

तिने पर्समध्ये हात घालून ब्रश मुठीत घेतला आणि त्याचं वाळलेलं टोक तळहातावर जोराने दाबलं. अजून टोचत होतं. तिचा तर आज दुसराच दिवस होता.