विगोची कात

बाबांचं घर डोर्टेच्या वाट्याला आलं ते विगोसकट. विगो म्हणजे काचेच्या पेटीतला, तळहाताएवढा, लाल गुडघ्यांचा टॅरँटुला कोळी. महिनाभरात डोर्टे बरंच शिकली. पाण्याची वाटी भरलेली हवी, काचेवर टकटक करायची नाही, आणि स्वारी चिडली की मागच्या पायांनी पाठीवरचे केस उडवते. मग दोन दिवस मनगट खाजवत बसायचं.

पण विगोनं अन्न सोडलं होतं. समोर टाकलेला रातकिडा त्याच्या डोक्यावरून चालत जायचा, तरी हा ढिम्म. बाबांनी इतकी वर्षं जपलेला जीव आपल्या हातून जाणार, या धास्तीनं डोर्टेला घास उतरेना.

शनिवारी सकाळी तो पेटीच्या मधोमध निपचित दिसला. तिनं लांब चिमट्यानं अलगद उचललं. वजनच नव्हतं. बाबाही शेवटी असेच हलके झाले होते.

बाबांची तंबाखूची डबी रिकामी करून तिनं त्याला तीत ठेवलं, इथे घरोघरी सुखदुःखाला चढतो तो अंगणातला झेंडा अर्ध्यावर उतरवला आणि सफरचंदाच्या झाडाखाली डबी पुरली. आता दफन झाल्यावर रीतीप्रमाणे झेंडा पुन्हा वर चढवायचा, तेवढ्यात कुंपणावरून शेजारची इंगर डोकावली.

"अगं, आता कोण गेलं?"

"विगो."

"अरेरे! काका की मामा?"

"कोळी."

इंगरनं ओठ घट्ट दाबले. "बरं. पण मयताची कॉफी तर झालीच पाहिजे. ठेवते हं!"

झेंडा तसाच राहिला. पेटी धुवायला म्हणून डोर्टेनं आतली झाडाची साल उचलली, आणि खालून एक तुकतुकीत, मोठा, लालभडक गुडघ्यांचा कोळी तिच्याकडे बघत होता. साल हातातून पडली. तिनं थेट प्रेबेनला फोन लावला. बाबांच्या कोळी पाळणाऱ्यांच्या मंडळातला सगळ्यात जुना माणूस.

"प्रेबेन, पेटीत दुसराच आहे! मेलेल्याहून मोठा!"

पलीकडून किटली उकळावी तसं हसू आलं. "पोरी, तू विगोची कात पुरलीस! कात टाकायच्या आधी ते खात नाहीत, एवढंही तुझ्या बापानं, आयनरनं, सांगितलं नाही?" एकाएकी हसू थांबलं. "कात अख्खी होती?"

"अगदी नखांसकट."

"मग खण! आत्ताच्या आत्ता! नर की मादी ते कातीवरूनच कळतं. सहा वर्षं तुझा बाप त्यासाठी तरसला. दर वेळी विगो कातीचा चोथा करून टाकायचा. तू घाईनं पुरलीस म्हणून वाचली!"

"कळून काय करायचंय?"

"नर असला तर आता फार तर वर्ष-दीड वर्ष. मादी असली तर अजून वीस."

डोर्टे सूपाचा चमचा घेऊन धावली.

"काय गं, उठला का?" कॉफीची किटली घेऊन इंगर कुंपणाशी हजर.

"केव्हाच!"

प्रेबेन सायकलवरून धापा टाकत आला, खिशात भिंग. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात त्यानं कात भिजवली, सुईनं उलगडली, दिव्यासमोर धरली. डोर्टेला बघवेना. फ्रिजवर बाबांच्या अक्षरातली यादी अजून चिकटलेली होती: राय ब्रेड, रातकिडे, लोणी. ती तिनं तीनदा वाचली.

"हं," प्रेबेन म्हणाला.

"हं काय, हं काय? बोला की!"

"विगोला नवं नाव शोध बाई."

"म्हणजे वीस वर्षं?"

"तू पुरली नाहीस तर."

वीस वर्षांनी ती त्रेसष्टची होईल आणि तेव्हाही कुणीतरी केस उडवून तिचं मनगट खाजवायला लावेल. तिला हसू आवरेना. प्रेबेनचे दोन्ही हात धरून तिनं त्याला स्वयंपाकघरात गरगर फिरवलं, भिंग टेबलाखाली गेलं, आणि ती अनवाणीच अंगणात पळाली. खांबाची दोरी सोडून तिनं झेंडा सरसर वर चढवला.

"आता काय झालं?" इंगर ओरडली.

"मुलगी!" डोर्टे ओरडली. "मुलगी झाली!"