धनसिंगच्या छातीवरचा तारा

मित्रांनो, मी सहा टोकांचा एक पितळी तारा आहे. महायुद्धात मालवाहू जहाजांवर राबलेल्या खलाशांसाठी मला दूरदेशी घडवले गेले. अठ्ठेचाळीस सालच्या संक्रांतीच्या सुमारास मी जवळा बाजार या गावाजवळच्या एका तांड्यावर पोचलो आणि धनसिंगच्या कोटावर चढलो.

धनसिंग आणि त्याच तांड्यावरचा सेवा जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकत. बेचाळीस साली शत्रूने जहाज बुडवले. धनसिंग होडीत वाचला, सेवा गेला. "लई हात दिला, पन लाटेनं नेलं त्याला," असे तो सेवाच्या आईला, मोतीबाईला सांगे. बाजारात लोक मला कौतुकाने हात लावत. मी फुगून जात असे.

चैत्रात तांड्यावरचाच वसराम परतला. तोही त्याच जहाजावर होता. दुसऱ्या जहाजाने त्याला उचलले होते आणि मधली वर्षे परमुलखात गेली होती. तांड्याने तर त्याला मेलेलाच धरले होते.

"माझं लेकरू कसं गेलं रं?" मोतीबाईने त्याला विचारले.

वसरामने सगळ्यांदेखत धनसिंगकडे बोट केले. "सेवानं होडीची कड धरली व्हती, माय. होडीत जागा व्हती. ह्यानं वल्ह्यानं त्याची बोटं ठेचली. मी मागंच पाण्यात व्हतो."

"काहून?" मोतीबाईने धनसिंगला विचारले.

"भ्यालो मी," धनसिंग पुटपुटला. "होडी उलटंल वाटलं."

माझी पिन त्याच्या काळजात घुसावी, असे मला वाटले. वसरामने कुऱ्हाड उचलली. मोतीबाईने त्याचा हात धरला.

"मारू नको. मेला तर सुटंल." मग ती तांड्याच्या नाईकाकडे वळली. "दर बाजाराला ह्यानं हाच तारा लावून बसावं. जो इचारंल त्याला खरं सांगावं."

नाईकाने तोच निवाडा दिला. धनसिंगने पाय धरले, दुसरी कोणतीही शिक्षा मागितली. मोतीबाईने पाय मागे घेतले.

आता बाजारात कोणी माझ्याविषयी विचारले, की तो मान खाली घालून सांगतो. ऐकणारा उठून जातो. मला धनसिंगची कीव येत नाही. कोणी विचारू नये म्हणून तो मला काजळी फासतो. बाजारच्या सकाळी मोतीबाई मला चिंचेने घासून लखलखीत करते.

मित्रांनो, मला काळे पडू देऊ नका. मोतीबाई थकली आहे आणि धनसिंग अजून धडधाकट आहे. तिच्यामागे कोणीतरी मला घासत राहा.