तिसरा ट्रे

गोमाजींच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये अंड्यांचे ट्रे रचलेले असत आणि त्यांत एकही अंडं नसे. प्रत्येक खळग्यात बोटाएवढा एक सेल उभा. लाखनीला हायवेवर त्यांनी तीस वर्षं पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड केल्या होत्या. दुकान मोडल्यावर ते इलेक्ट्रिक सायकलींच्या उतरलेल्या बॅटऱ्या गोळा करू लागले. "बॅटरी पुरी कधीच मरत नाही," ते म्हणत. "चाळीसातले चार मरतात, अन् बाकीच्यांची फुकट मयत निघते." जिवंत सेल वेगळे काढून ते नवी पेटी बांधत आणि छतावरच्या सोलर पॅनेलला जोडून देत.

त्यांचा एकच नियम होता. सेल भरला की व्होल्टचा आकडा लिहायचा, एकवीस दिवस ट्रेमध्ये ठेवायचा, बाविसाव्या दिवशी पुन्हा मोजायचा. मधे हात लावायचा नाही. ज्याचा आकडा घसरला तो आतून गळका, म्हणजे बाद; पेटीत गेला तर भर उन्हात भरताना तापून पेट घ्यायचा. कोंबडीही एकवीस दिवसच बसते, तेव्हा गावाला चेष्टेला कारण मिळालं होतं. "काहो गोमाजी, पिल्लं निघाली का?" "निघाली. तीन नासली."

त्या मंगळवारी उशिरा पिकणाऱ्या जड धानाची कापणी संपत आली होती. सकाळीच गोमाजींनी हाक मारली.

"रीता, तिसरा ट्रे आज पुरा झाला. श्रावणच्या घरी सांजच्याले पेटी बसवाची आहे."

"बघते, बाबा."

"बघू नोको. मोज."

रीता चौतीस वर्षांची. नागपूरच्या कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरी सुटली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून घरी आली, त्याला तीन वर्षं झाली. अक्षर चांगलं म्हणून मोजमापाची वही तिच्याकडे आली आणि वहीबरोबर मीटरही. कोणी तिला कोंडलं नव्हतं. फक्त रोज कुठला तरी ट्रे पुरा होत असे.

त्या दिवशी तिच्या हातात एक जाडजूड कादंबरी होती आणि साठ पानं उरली होती. ट्रे तीन थरांचा, ऐंशी सेलांचा. ती मीटर मांडीवर घेऊन बसली आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यांसमोर मनानंच आकडे लिहीत गेली. चार पॉइंट बाराला चार पॉइंट अकरा. मधूनच एखादा जसाच्या तसा. खोटेपणालाही थोडं कसब लागतं, ते तिच्यात होतं. पंधरा मिनिटांत वही भरली. जेवणाआधी कादंबरी संपली.

"किती बाद?"

"एकही नाही."

गोमाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "एकही नाही? असं तं कधी झालं नाही वो माय." मग ते खुश झाले. लाखोरीच्या डाळीबरोबर भात दुसऱ्यांदा घेतला. दुपारी त्या ट्रेमधले अर्धे सेल त्यांनी घरच्या पेटीत बसवले, अर्धे श्रावणच्या.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि घरच्या पेटीतून पांढरा धूर निघाला. पेटी होती तिथंच होती, घरापासून लांब, वाळूवर, लोखंडी झाकणात. पण आदल्या सांजेला शेजाऱ्यांनी मळणीचं तणस तिच्यापासून हातभर अंतरावर आणून रचलं होतं आणि तणसाला लागून गोठा होता. 'धूर दिसला का पळा, पेटी जळू द्या,' असं साऱ्या गावाला सांगणारा माणूस ओलं पोतं तोंडावर धरून तणस ओढत राहिला. गोठा वाचला. धूर गोमाजींच्या छातीत गेला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ते दोन दिवस होते.

तेरवीला रीताचा भाऊ प्रविण सगळ्यांसमोर म्हणाला, "डोळे गेले होते बाबाचे. कितीदा म्हटलं, बंद करा हे भंगार." माना हलल्या.

"माह्या माणसानं न मोजता कधी काही बसवलं नाही," आई, गोदावरीबाई, म्हणाली. "सांग ना वं रीता. वही तं तूच लिहे."

"मोजलं होतं," रीता म्हणाली.

त्या दोन शब्दांनी तिनं स्वतःला आत घातलं आणि कडी लावून घेतली. आता खरं बोलायचं तर दोन खोटी कबूल करावी लागणार होती, वहीतलं आणि हे.

श्रावणचं घर बोडीच्या, गावच्या छोट्या तळ्याच्या, पलीकडच्या काठावर. तो चिखल्याच्या मँगनीज खाणीत तीस वर्षं जमिनीखाली काम करून आलेला; छातीत धूळ बसलेली. आता दिवसातले बारा-चौदा तास नाकाला ऑक्सिजन मशीनची नळी असे. लाइन गेली की मशीन गोमाजींच्या पेटीवर चाले. पेटी ओसरीबाहेर विटांच्या कोनाड्यात होती.

सकाळी अकरा ते दुपारी तीन, पेट्या भरायच्या वेळात, रीता परसात बसून बोडीपलीकडचं ते छप्पर बघत असे. आईला वाटे, मिरच्या राखते आहे. ती लाखनीला गेली नाही. नागपूरहून एका कॉलेजचं मुलाखतीचं बोलावणं आलं, तिकडंही गेली नाही. ढगाळ दिवशी तिला झोप लागे. कधी ती मनाशी हिशोब मांडी की गळका सेल घरच्याच अर्ध्यात असेल, तो जळून गेला. पण बाबांच्या हातून ऐंशीत चार-पाच बाद न होता एकही ट्रे सुटला नव्हता, हे वहीच सांगत होती. एकदा ती श्रावणच्या बायकोला, सुंदरबाईला, म्हणाली होती, पेटी काही दिवस बंद ठेवा. "काहून?" सुंदरबाईनं विचारलं. रीता घाईचं निमित्त सांगून उठून आली होती.

महिना सव्वा महिना असा गेला. मग एका सकाळी आई चक्कीवरून दळण घेऊन आली.

"सुंदरबाईनं पेटी घरात घेतली म्हणते. श्रावणच्या खाटेजवळ. बाहेर बकऱ्या चढतात म्हणे. अन् तुह्या बाबाच्या हातची शेवटची वस्तू आहे म्हणून हळदीकुंकू वाहिलं."

रीतानं घड्याळ बघितलं. साडेनऊ. तिनं प्रविणला फोन केला आणि घरातला इन्व्हर्टर, पाण्याच्या बॅटरीसकट, त्याच्या ऑटोवर चढवला. आई का म्हणून विचारत विचारत मागच्या फळीवर बसली.

श्रावण भिंतीला टेकून बसला होता. मशीन घुरघुरत होतं. पेटी खाटेच्या पायाशी, झाकणावर कुंकवाची बोटं.

"काकी, ही पेटी मी नेते. हा इन्व्हर्टर ठेवते. तेवढाच वेळ चालेल."

"दुकानाचा?" सुंदरबाई हसली. "दुकानाच्यानं दोनदा दगा देला, बाई. तुह्या बापाच्या पेटीनं एकदा नाही देला."

"निदान बाहेर तरी ठेवू. आता ऊन चढेल."

"बकऱ्या तुह्या बापानं पायल्या नाही, मी रोज पायते."

"अवं, देऊन टाक ना," श्रावण दमानं म्हणाला. "बापाची आठवण हाय, पोरीले पायजे असंन."

"तुम्ही गप ऱ्हा. श्वास पुरत नाही अन् वकिली करता." ती रीताकडे वळली. "लोकाच्या बोलण्यावर जाऊन राहिली काय वं? लोक म्हणतात गोमाजी चुकला. मी नाही म्हणत. त्यानं मोजलं म्हणजे मोजलं."

"तेच सांगून राहिली मी," दारातून गोदावरीबाई म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. प्रविण अंगणात इन्व्हर्टरचे दोर सोडत होता. त्याचे हात थांबले.

रीता खाली बसली. पेटीची वायर कुठून सुटते ते तिला पाठ होतं. पण सुंदरबाईनं झाकणावर हात ठेवला होता.

"काकी, हात काढ."

"आधी सांग, काहून?"

उन्हाची पट्टी उंबऱ्यावर आली होती. आईनं पदरानं डोळे पुसले आणि ती आत येऊन उभी राहिली.

"तिसरा ट्रे मोजलाच नव्हता," रीता म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला, म्हणून तिनं तो तसाच राहू दिला. "बाबांनी मला मोजायला सांगितलं होतं. मी पुस्तक वाचत होती. आकडे मी मनानं लिहिले, ऐंशीच्या ऐंशी. त्यातले अर्धे आमच्या पेटीत होते, अर्धे हिच्यात आहेत. बाबा चुकले नाही, आई. बाबानं माह्यावर भरोसा केला."